'द राइट ऑफ स्प्रिंग': आघात मोजायचे कसे, आणि त्यातला वसंत खरा किती?

चैत्रपालवी

दुसऱ्या धाग्यावर विषय निघाला आणि मूळ चर्चा भरकटली, म्हणून हा वेगळा धागा काढते.

इगोर स्ट्राविन्स्कीचं हे बॅले-संगीत २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये शाँझेलिझे थिएटरात पहिल्यांदा सादर झालं. दियागिलेव्हची 'बॅले रूस' मंडळी, वास्लाव्ह निजिन्स्कीची नृत्यरचना, निकोलस रोरिकचं नेपथ्य आणि वेशभूषा, वाद्यवृंदाचा संचालक पिएर माँतो. रशियन नाव 'व्हेस्ना स्व्याश्चेन्नाया', म्हणजे 'पवित्र वसंत'. दोन भाग आहेत, 'पृथ्वीची आराधना' आणि 'बळी'. एकूण १४ तुकडे, वाजायला साधारण ३३ ते ३५ मिनिटं.

माझे प्रश्न दोन:

१) प्रस्तावना संपल्यावर एकच कर्कश कॉर्ड (एकदम वाजवलेले अनेक सूर) धडधडत राहतो आणि मध्येच कुठेतरी जोरात आघात येतात. ते तालात बसवता येतात का? टाळी धरली की दरवेळी चुकते.

२) वसंतात मुलीचा बळी देण्याची प्रथा रशियात खरंच होती का? की सगळी कल्पनाच?

फक्त 'किती थोर रचना' एवढंच लिहायचं असेल तर दुसरे धागे आहेत. :)

---

अनुनाद

पहिला प्रश्न माझ्याकडे. तो तुकडा म्हणजे 'वसंताचे शकुन'. लिहिलाय २/४ मध्ये, म्हणजे प्रत्येक बारात (स्वरलिपीतल्या एका खणात) दोन क्रॉचेट. लय मिनिटाला १०० क्रॉचेट. एका क्रॉचेटचे दोन क्वेव्हर, म्हणजे मिनिटाला २०० ठोके. कॉर्ड प्रत्येक क्वेव्हरवर वाजतो, एकही जागा रिकामी नाही.

पहिले ८ बार घ्या. प्रत्येक बारात ४ क्वेव्हर, एकूण ३२. सोयीसाठी एक क्वेव्हर म्हणजे एक मात्रा धरा, की तीनतालाची (१६ मात्रा: सम १ वर, टाळी ५ आणि १३ वर, खाली ९ वर) बरोब्बर दोन आवर्तनं होतात. ३२ पैकी आघात या मात्रांवर आहेत:

१०, १२, १८, २१, २५, ३०

गटांत सांगायचं तर ९ + २ + ६ + ३ + ४ + ५ + ३ = ३२. पहिला गट सोडला तर प्रत्येक गटाची पहिली मात्रा ठोसून.

हेच तीनतालावर ठेवून बघा. पहिल्या आवर्तनात आघात १० आणि १२ वर. दुसऱ्या आवर्तनात २, ५, ९ आणि १४ वर. दोन्ही समा कोऱ्या. टाळीच्या जागांपैकी एकट्या ५ ला आघात मिळतो, खालीला एकदा मिळतो, आणि १३ च्या टाळीला एकदा आधी (१२) तर एकदा नंतर (१४) चकवलंय. टाळी चुकते ती याच कारणाने, कान कच्चा आहे म्हणून नाही.

सराव असा करावा:

मेट्रोनोम मिनिटाला ६० वर ठेवा आणि प्रत्येक टिकटिकीला एक मात्रा. तोंडाने सगळ्या मात्रा सारख्या 'ता ता ता' म्हणायच्या. हाताने काही करायचं नाही. दोन आवर्तनं आवाज न चढवता म्हणता आली की आघाताच्या मात्रेला 'धा' म्हणा. ते जमलं की पाय जोडा, दर दोन मात्रांना एक ठोका, म्हणजे १, ३, ५ अशा विषम मात्रांवर. इथे गंमत कळते: १०, १२, १८ आणि ३० हे चार आघात पायाच्या दोन ठोक्यांच्या मधे पडतात, २१ आणि २५ हे दोनच पायावर येतात. मग ८०, १२०, १६०, २०० असं चढत जा.

बहुतेक जण घसरतात ते २१ वर. १८ चा आघात मधला होता, त्याची सवय लागलेली असते, आणि २१ अचानक पायावर येतो. शरीराला वाटतं की आपलंच चुकलं, म्हणून पाय एक मात्रा सरकवला जातो. तो सरकू द्यायचा नाही. सगळा तुकडा त्या पायाच्या हट्टावर उभा आहे.

---

ढोलकी

म्हणजे विषम ग्रहासारखं, समेवरून न सुटणारं? की तिहाई, एकच तुकडा तीनदा वाजवायची?

---

अनुनाद

@ढोलकी, दोन्ही नाही. तिहाई समेवर येऊन सुटते, म्हणून तिचा आनंद असतो. इथे कुठे यायचं तेच ठरलेलं नाही. या ८ बारांनंतर जोराचा कॉर्ड थांबतो आणि इंग्लिश हॉर्न चार सुरांची एक फिरकी धरतो, पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर: वरची काळी १, काळी ५, वरची काळी २, पुन्हा काळी ५. सगळ्या काळ्याच पट्ट्या. मग कॉर्ड परत येतो तो नव्या आघातांसकट. आवर्तन नाही, म्हणून सम शोधत बसू नये. मी तीनताल वापरला तो फक्त मोजपट्टी म्हणून. 'स्ट्राविन्स्कीने तीनताल वापरलाय' असं उद्या व्हॉट्सअपवर फिरू नये.

कॉर्ड पेटीवर काढून बघायचा असेल तर असा:

डावा हात: पांढरी ३, काळी ४, पांढरी ७, वरची पांढरी ३
उजवा हात, त्याच्या वर: पांढरी ५, काळी ५, वरची काळी १, वरची काळी २

खाली पांढरी ३ चा साधा मेजर, वर काळी २ चा सेव्हन्थ. दोन्ही वेगवेगळे वाजवले तर कुणालाही गोड वाटतील. भांडण एका अर्ध्या स्वराचं आहे, पांढरी ३ आणि काळी २ यांच्यातलं, आणि ती दोघं कॉर्डच्या दोन टोकांना बसवलीत. हातपेटीवर एक हात भात्यावर जातो, त्यामुळे पायपेटी किंवा कीबोर्ड लागेल. कीबोर्डवर 'पियानो'चा आवाज ठेवा. 'स्ट्रिंग्ज'चा ठेवला तर प्रत्येक ठोका हळू उगवतो आणि सगळा चिखल होतो.

---

खर्ज

तंतुवाद्यांबद्दल भर घालतो. त्या कॉर्डचा प्रत्येक ठोका डाउन-बोने वाजवायचा असं स्कोअरमध्ये (छापील स्वरलिपीत) लिहिलंय. म्हणजे गज दरवेळी उचलून पुन्हा मुठीकडून खाली ओढायचा, मिनिटाला २०० वेळा. दमछाक होते. मग वादक नकळत खाली-वर, खाली-वर करायला लागतात. वरच्या दिशेचा गज मुळात हलका, त्यामुळे एकाआड एक ठोका पडतो आणि २/४ ऐकू यायला लागतो. जो आघात लिहिलेलाच नाही तो आला की लिहिलेले सहा आघात मेले. खरे आघात आठ हॉर्न मिळून देतात. हॉर्न थोडे जरी उशिरा आले तरी ठोसा न वाटता प्रतिध्वनी वाटतो.

वाद्यवृंद केवढा ते सांगतो, कारण 'मोठा' म्हटल्याने कळत नाही. बासरी, ओबो, क्लॅरिनेट आणि 'बसून' (bassoon, खर्जातलं लाकडी फुंकवाद्य) या चारही कुळांत पाच-पाच वादक (आल्टो फ्लूट, इंग्लिश हॉर्न, बास क्लॅरिनेट, काँट्राबसून धरून), म्हणजे २०. हॉर्न ८, त्यातले शेवटचे दोन गरजेला वाग्नर ट्यूबा घेतात. ट्रम्पेट ५, ट्रोम्बोन ३, ट्यूबा २. फुंकायची वाद्यंच ३८ झाली. टिंपनीला दोन माणसं. त्याशिवाय बास ड्रम, टॅमटॅम, ट्रँगल, टँबरीन, खरवडून वाजवायचा ग्वीरो, आणि काळी ४ व काळी ५ मध्ये लावलेले दोन अँटिक सिंबल्स. हे दिसायला आपल्या टाळांसारखे, जाड आणि छोटे, पण नेमक्या सुरात लावलेले. त्यांच्या जागी साधे टाळ चालत नाहीत, सूर नसला तर ते नुसतं किणकिणणं होतं.

आता सुरुवातीचा बसून. पहिलाच सूर मध्य सप्तकाच्या पांढरी १ च्याही एक सप्तक वर, एकट्याने, लांबवून. वाद्य थंड, सभागृह शांत, आणि तोंडात रीड (फुंकायची बोरूची पट्टी). या सोलोसाठी बरेच वादक वेगळी, जरा कडक रीड आणि बारीक बोकल (रीड जोडायची धातूची नळी) ठेवतात. कडक रीडवर वरचा सूर लागतो, पण खालचे सूर दबतात, म्हणून ती संपूर्ण रचनेसाठी वापरता येत नाही. रीड कोरडी पडली तर सूर फाटतो. फार भिजवली तर तो खाली घसरतो.

आणि एक कटकट. आजकाल विद्यार्थीसुद्धा हा सोलो लोण्यासारखा वाजवतात. १९१३ मध्ये त्या उंचीवर बसूनचा आवाज ताणला जायचा, हे कुठलं वाद्य म्हणून लोकांनी माना वळवल्या. ताण गेला की सुरुवातीचा अर्धा अर्थ गेला, असं माझं मत. दुसऱ्याच बारात हॉर्न शिरतो तो काळी १ वर, बसूनच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या अगदी शेजारी. तो दबक्या आवाजात पण ऐकू यायलाच हवा.

---

चैत्रपालवी

@अनुनाद ६० च्या लयीत जमलं, ८० ला २१ वर पडले. बरोब्बर सांगितलंत.

ती बसूनची धून लोकगीताची आहे ना?

---

फिरस्ता

हो, पण रशियन नाही, लिथुआनियन. आंतोन युश्केविच यांनी गोळा केलेल्या लिथुआनियन लोकधुनांचा संग्रह १९०० मध्ये क्राकोव्हला छापला गेला. त्यातली १५७ क्रमांकाची धून. स्ट्राविन्स्कीने आयुष्यभर एवढी एकच उसनवारी कबूल केली. पुढे लॉरेन्स मॉर्टन आणि रिचर्ड टारस्किन या संगीत-अभ्यासकांनी त्याच्या वह्या आणि संग्रह ताडून पाहिले तेव्हा आणखी सापडल्या. त्या सहज ओळखू येत नाहीत, कारण धुनेचा एखादा तुकडा घेऊन तो इतक्यांदा उलटसुलट केलाय की गाणं गळून पडतं आणि आघात उरतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा लांब आहे.

कथासूत्र स्ट्राविन्स्की आणि रोरिक यांनी मिळून रचलं. रोरिक चित्रकार होता आणि पुराणवस्तूंचा अभ्यासकही. १९११ च्या उन्हाळ्यात दोघं राजकन्या तेनिशेवांच्या तलाश्किनो इस्टेटीवर बसले आणि आराखडा ठरला. त्यात तीन थर आहेत. ते वेगळे केले की गोंधळ मिटतो.

पहिला थर खऱ्या, चालत आलेल्या चालीरीतींचा. 'वसंतातले फेर' हा तुकडा म्हणजे खोरोवोद: हात धरून, गात गात गोल फिरणं. बहुधा घड्याळाच्या दिशेने, तिकडे त्याला 'सूर्यामागून' म्हणतात. टोळ्यांचे खेळ म्हणजे दोन बाजूंनी एकमेकांना भिडायचे गावखेळ. यांना भरपूर पुरावा आहे.

दुसरा थर जुन्या ग्रंथांतला. 'पळवून नेण्याचा खेळ' हा तुकडा कीव्हच्या जुन्या बखरीतल्या उल्लेखावर उभा आहे, की अमुक जमातीत लग्न नव्हतं, पाण्याकाठून मुली पळवत. पण ती बखर ख्रिस्ती साधूंनी लिहिलेली. शेजारच्या बिगरख्रिस्ती लोकांना रानटी ठरवण्यात त्यांना रस होता, त्यामुळे ते वाक्य जपूनच घ्यायचं.

तिसरा थर म्हणजे मुलीने नाचत नाचत मरणं. स्लाव्ह लोकपरंपरेत असा विधी नोंदलेला नाही. टारस्किन यांनी हे सविस्तर मांडलंय. नोंदलेलं आहे ते पुतळ्याचं मरण. मास्लेनित्सा या हिवाळा संपतानाच्या सणाला गवताची बाहुली जाळतात. कोस्त्रोमा किंवा यारिलो नावाचा पुतळा रडारड करत मिरवत नेऊन पुरायचा किंवा पाण्यात सोडायचा अशी चाल अनेक गावांत होती, आणि रडारडीच्या मधेच हशा. थोडक्यात, गावाने बाहुली जाळली, बॅलेने मुलगी.

---

ढोलकी

आपल्या होळीसारखंच की मग. पुतळा, आग, राख, शिव्या.

---

फिरस्ता

सारखं दिसतं. हिवाळा संपताना आग आणि आरडाओरडा दोन्हीकडे आहे, आणि तिथेही राख शेतात टाकत. पण त्यावरून एकाचं मूळ दुसऱ्यात शोधायला जाऊ नये. कोकणात होळीला आंबा, पोफळ किंवा सावर आणून उभी करतात, पालखी नाचवतात. तिथे झाड आणि ग्रामदेवता मध्यभागी. मास्लेनित्सा ईस्टरच्या उपवासाला बांधलेली आहे. उपवासाआधीचा शेवटचा आठवडा, मांस बंद झालेलं पण दूध, लोणी, अंडी चालतात. म्हणून तर ब्लिनी, म्हणजे लोण्यात न्हालेले पातळ धिरडे. आठवड्याच्या प्रत्येक वाराला नाव आहे. सोमवारी स्वागत, मंगळवारी खेळ, बुधवारी खादाडी, गुरुवारी धमाल, शुक्रवारी जावई सासूला मान देणार, शनिवारी नणंदांची बैठक, रविवारी एकमेकांची क्षमा मागायची आणि बाहुली जाळायची. नणंदेचा वेगळा वार बघून इथल्या बऱ्याच जणींना बरं वाटेल.

---

खमंग

शेवटी खाण्यावर आलात तर. ब्लिनीच्या पाककृती सगळीकडे मिळतात, मी 'झावरोन्की' लिहिते. हे चंडोल पक्ष्याच्या आकाराचे पाव. ४० ख्रिस्ती हुतात्म्यांच्या दिवशी, जुन्या पंचांगाने ९ मार्च, आताच्या २२ मार्चला करतात. चंडोल आला की वसंत आला असा समज. मुलं हे पाव काठीला खोचून किंवा हातात उंच धरून वसंताला हाका मारणारी गाणी म्हणत. परंपरेने ४० करतात, पण आपण १२ करू.

मैदा ५०० ग्रॅम, कोमट पाणी २७५ मिली, कोरडं यीस्ट ७ ग्रॅम, साखर ६० ग्रॅम, मीठ १ लहान चमचा, तेल ५० मिली, डोळ्यांना काळे मनुके. हा दिवस उपवासाच्या काळात येतो, म्हणून दूध, लोणी, अंडं काहीच नाही. चकाकीसाठी अंड्याऐवजी कोरा, कडक, गोड चहा लावायचा.

पीठ १० मिनिटं मळा, हाताला किंचित चिकटेल इतपतच सैल ठेवा. दुप्पट होईपर्यंत झाका. रशियातल्या पाककृतीत तास-दीड तास लिहिलेला असतो. आपल्याकडे मार्चअखेर दुपारी ४० मिनिटांत काम होतं. घड्याळ बघत बसलात तर पीठ आंबून जाईल.

साधारण ७५ ग्रॅमचे १२ गोळे. प्रत्येकाची २० सेंटीमीटर वळी करून एकच सैल गाठ मारा. वर आलेलं टोक म्हणजे डोकं, चिमटीत धरून चोच काढा. दुसरं टोक चपटं करून सुरीने तीन चिरा द्या, शेपटी झाली. २० मिनिटं विसावा, मग चहा लावा, मग डोळे. १८० अंशांवर १८ ते २० मिनिटं.

काय चुकतं: गाठ घट्ट मारली तर आतला भाग कच्चा राहतो, बाहेरून मात्र छान रंग येतो आणि फसायला होतं. वळी २० सेंटीमीटरपेक्षा आखूड ठेवली की पक्षी न होता बटाटावडा होतो. मनुके विसाव्याआधी लावले तर पीठ फुगताना बाहेर ढकलले जातात. म्हणून शेवटी, काडीने भोक पाडून, अर्ध्याहून जास्त आत दाबून बसवायचे. वर राहिलेला मनुका जळून कडू होतो.

---

ओवी

@फिरस्ता, तुमच्या तिसऱ्या थरात एक दुवा राहिला. स्ट्राविन्स्कीचे गुरू रिम्स्की-कोर्साकोव्ह यांचा 'स्नेगुरोच्का' (हिमकन्या) हा ऑपेरा, १८८२ मधला, ओस्त्रोव्स्कीच्या नाटकावरून. त्याच्या सुरुवातीलाच मास्लेनित्साच्या बाहुलीला निरोप देण्याचा प्रसंग आहे. शेवटी हिमकन्या प्रेमात पडते आणि सूर्याच्या पहिल्या किरणाने विरघळते. ती गेल्यावर रुसलेला यारिलो, म्हणजे सूर्यदेव, परत येतो आणि सगळे त्याचं स्तोत्र गातात. मुलगी जाते, ऊब येते. बळीची कल्पना रंगमंचावर ३० वर्षं आधीच आली होती, फक्त साखरेत घोळवून.

आणि ते शेवटचं स्तोत्र ११/४ मध्ये आहे! कोरसमधले लोक ते मोजायला एक वाक्य म्हणत: 'रिम्स्की-कोर्साकोव्ह सव्सेम सुमा सशोल', म्हणजे 'रिम्स्की-कोर्साकोव्ह पार वेडा झाला'. म्हणताना पडणारी अक्षरं मोजा (रिम्-स्की-कोर्-सा-कोव्ह सव्-सेम सु-मा स-शोल), ११ भरतात.

आता 'राइट'च्या दुसऱ्या भागात या. मुली वर्तुळात फिरत असतात, एकीची निवड होते, आणि 'निवडलेलीचा गौरव' सुरू होण्याच्या ऐन आधी एकच बार येतो: ११/४. टिंपनी, बास ड्रम आणि तंतुवाद्यं मिळून ११ एकसारखे घाव. गुरूच्या ११ मात्रांत सूर्य उगवला होता. शिष्याच्या ११ मात्रांत मुलीवर शिक्का बसतो. योगायोग म्हणणारे म्हणोत, मला तो वाटत नाही.

---

अनुनाद

व्वा! हे स्तोत्राचं लक्षात आलं नव्हतं.

त्या बाराची अडचण सांगतो. ११ घाव सारखे हवेत, जोर वाढवत न्यायचा मोह आवरायचा. मोजताना ४+४+३ केलं की प्रत्येक गटाच्या पहिल्या घावावर नकळत वजन पडतं. आणि कान १२ ची वाट बघत असतो, त्यामुळे एखादा वादक हमखास बारावा घाव घालतो. तोही एकटा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पुढचा बार लगेच ५/८ मध्ये पळत सुटतो, सावरायला जागा नाही. रुद्र तालाची सवय असलेल्यांना ११ अवघड जाऊ नये. बाकीच्यांनी 'वसंत आला रे आला अंगणी' म्हणावं, अक्षरं ११ होतात. मात्र सपाट म्हणायचं, चालीत नाही.

---

ढोलकी

वसंत आला रे आला अंगणी, आणि मुलगी मेली. बरोबर.

---

नूपुर

नाचणाऱ्यांच्या बाजूने कुणी लिहिलं नाही म्हणून.

निजिन्स्कीने पाय आत वळवायला लावले, बॅलेच्या शिस्तीच्या नेमकं उलट. बॅलेत मांडी कमरेपासून बाहेर वळवलेली असते, उडी घेताना गुडघा आणि पंजा एका रेषेत राहतात. पंजे आत वळवून सपाट पायावर जोरात उतरलं की सगळा धक्का गुडघ्याला आणि कमरेला बसतो. 'निवडलेली'च्या शेवटच्या नाचात अशा उड्या एकामागून एक आहेत. शिवाय त्याआधी बराच वेळ तिला वर्तुळात गोठल्यासारखं उभं राहायचंय. थंड पडलेल्या स्नायूंनी थेट उड्या घ्यायच्या, ही खरी अडचण. ती भूमिका निजिन्स्कीने बहिणीसाठी, ब्रोनिस्लाव्हासाठी रचायला घेतली होती. ती गरोदर राहिल्याने मारिया पिल्ट्झने केली.

मात्रा शिकवायला दालक्रोझच्या (लय शरीराच्या हालचालींतून शिकवायच्या) पद्धतीत तयार झालेल्या मारी रॅम्बर्टला मुद्दाम आणलं होतं. प्रयोगात प्रेक्षकांच्या गोंगाटामुळे वाद्यवृंद ऐकू येईना, तेव्हा निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून आकडे ओरडत होता. त्यातही गोची अशी की रशियनमध्ये दहाच्या पुढचे आकडे लांबलचक आहेत. सतरा म्हणजे 'सिम्नात्सत्', तो म्हणेपर्यंत पुढची मात्रा उलटलेली असायची.

इथे आपली पद्धत खरंच सोयीची आहे. आकडे न म्हणता 'तक' (२) आणि 'तकिट' (३) म्हणा. 'बळीचं नृत्य' सुरू होतं ते अर्ध्या क्वेव्हरच्या भागांत असं: ३, २, ३, ३, ४.

तकिट | तक | तकिट | तकिट | तकतक

म्हणायला सोपं आहे. चूक होते ती ऐकण्यात. बऱ्याच बारांत पहिल्या जागी नुसता खालचा सूर किंवा विराम असतो आणि मोठा कॉर्ड दुसऱ्या जागी आदळतो. नर्तक त्या कॉर्डलाच '१' समजतात आणि सगळ्यांचे पाय एक भाग उशिरा पडतात. 'तकिट'मधलं 'त' ओठांतल्या ओठांत आणि 'कि' मोठ्याने म्हणून सराव केला तर हे सुटतं.

लंडनच्या सीता पटेल यांनी २०१९ मध्ये याच संगीतावर भरतनाट्यम् रचलं. जतींवर (तालबोलांच्या बांधणीवर) वाढलेल्या नर्तकांना हे आघात परके नाहीत हे त्यात स्वच्छ दिसतं. उलट टोक बघायचं तर पिना बाउशची १९७५ ची रचना. रंगमंचभर माती पसरलेली, नाच संपेपर्यंत सगळ्यांच्या अंगाला ती चिकटते आणि पायांचा आवाज दबतो. लाल कपडा एकीच्या हातून दुसरीकडे जातो, तो जिच्या अंगावर राहील ती निवडलेली. मूळ १९१३ ची रचना पॅरिस आणि लंडनमधल्या मोजक्या प्रयोगांनंतर हरवली. १९८७ मध्ये मिलिसेंट हॉडसन आणि केनेथ आर्चर यांनी जॉफ्री बॅलेसाठी ती टिपणं, चित्रं आणि आठवणींवरून पुन्हा उभी केली. आज 'मूळ' म्हणून व्हिडिओत दिसते ती हीच, हे लक्षात असू द्या.

---

खर्ज

पहिल्या प्रयोगात प्रेक्षकांनी घातलेल्या दंग्याबद्दलही एक. 'संगीत असह्य झालं म्हणून दंगा' हे अर्धसत्य आहे. ५ एप्रिल १९१४ ला माँतोनेच पॅरिसमध्ये हेच संगीत नाचाशिवाय मैफिलीत वाजवलं, तेव्हा लोकांनी स्ट्राविन्स्कीला खांद्यावर घेतलं. एका वर्षात पॅरिसचे कान बदलले नव्हते. मंचावरचे आत वळलेले पाय तेवढे नव्हते.

स्कोअर घेणाऱ्यांसाठी: शेवटचं 'बळीचं नृत्य' स्ट्राविन्स्कीने १९४३ मध्ये पुन्हा लिहिलं आणि त्यात स्वरमूल्यं दुप्पट केली. त्यामुळे त्या आवृत्तीत ३/१६ च्या जागी ३/८ दिसतो. ऐकू येणारी लय तीच, कागद वेगळा. एका वादकाकडे ही आवृत्ती आणि दुसऱ्याकडे जुनी असली तर तालमीत कुणी कुणाला बार सांगू शकत नाही. त्यापूर्वीही बारच्या रेघा बदलल्या आहेत. आधी जिथे एक ५/१६ होता तिथे नंतर २/१६ आणि ३/१६ असे दोन केले, संचालकाला हात देणं सोपं जावं म्हणून. @नूपुर यांची ३, २, ३, ३, ४ ही मांडणी या नंतरच्या रेघांची आहे.

---

ओवी

महाराष्ट्र-गोव्याशी काही संबंध आहे का, असं मला व्यक्तिगत निरोपात विचारलं गेलं. दोन आहेत. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली त्यात 'बळीचं नृत्य' आहे, स्ट्राविन्स्कीच्याच संचालनाखाली, साडेचार मिनिटांचं. आणि त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटं. दुसरा रोरिकचा. तो पुढे कुलू खोऱ्यात नग्गरला राहिला आणि १९४७ मध्ये तिथेच वारला. त्याचा मुलगा स्वेतोस्लाव्ह याने बॉम्बे टॉकीजच्या देविका राणी यांच्याशी लग्न केलं.

---

चैत्रपालवी

१०० पर्यंत पोचले, २१ चा आघात आता पायावर येतो. ३० वर मात्र घाई होतेय.

@खमंग, पहिल्या घाण्यात चोची सरळ वर गेल्या आणि गाठी सुटल्या. पीठ सैल झालं का?

---

अनुनाद

३० नंतर दोनच मात्रा उरतात आणि लगेच इंग्लिश हॉर्न येतो. त्याची चाहूल लागून माणूस पळतो. ३१ आणि ३२ मोठ्याने म्हणा, नुसत्या मनात नको.

---

खमंग

पीठ सैल नव्हे, वळी तेलकट झाली. वळताना ओट्याला तेल न लावता अगदी किंचित कोरडं पीठ लावा, म्हणजे गाठ धरून राहते. आणि शेपटीचं टोक गाठीच्या खाली दाबून मग पसरा. चोच वर गेली तर काही बिघडत नाही, चंडोल गाताना वरच बघतो.